युकिनोयाची दुसरी छपाई

१

मला डोळे तिरळे करण्याचा पगार मिळतो. हे सांगितलं की लोक हसतात, आणि करून दाखवलं की हसायचे थांबतात. छप्पन्न वर्षांच्या माणसाची बुबुळं नाकाला लागलेली पाहायला कुणाला आवडेल?

निप्पोनबाशीच्या बाजारामागच्या गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानावर आमचं दुकान आहे. लोखंडी जिना, सतरा पायऱ्या, वर काचेचं दार. आत जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी, जमिनीपासून छतापर्यंत. खेळायला त्या फारसं कुणी नेत नाही. नेतात ते स्टिकरवरच्या चित्रासाठी. खेळ तोच, डबी तीच. पण पहिल्या छपाईत नायकाच्या हातात तलवार असते आणि दुसऱ्या छपाईत काठी, आणि तेवढ्या फरकासाठी माणसं होक्काइदोहून विमानानं येतात. साहजिकच खोटी स्टिकरं छापणारेही आहेत. कुठलं चित्र कुठल्या छपाईचं, अस्सल कुठलं आणि काल कुणाच्या घरच्या प्रिंटरमधून निघालेलं कुठलं, हे सांगणं माझं काम.

रीत सोपी आहे. दोन कॅसेटी शेजारी शेजारी ठेवायच्या आणि हळूहळू डोळे तिरळे करायचे. मग दोघींच्या मधे तिसरी कॅसेट तरंगायला लागते. ती टेबलावर नसते, दोन्ही चित्रं एकावर एक बसून डोळ्यांतच तयार होते. जिथे दोन्ही चित्रं सारखी, तिथे ती शांत असते. जिथे केसाएवढा फरक असेल तिथे लुकलुकते. भिंगानं तासभर शोधून जे सापडत नाही ते असं दहा सेकंदांत सापडतं.

हे मला बाबांनी शिकवलं. तेन्मातल्या एका छापखान्यात ते चित्रांच्या निगेटिव्ह दुरुस्त करायचे. बारीक ब्रश घेऊन नको ते पुसायचं, हवं ते भरायचं, आणि मग जुनं प्रूफ नि नवं प्रूफ असं तिरळ्या डोळ्यांनी ताडून पाहायचं. मीही त्याच छापखान्यात वाढलो, तिथेच कामाला लागलो. छापखाना बंद पडला. वारशात मला चकणेपणा तेवढा मिळाला.

मालकीणबाईंना हे जमत नाही. तामाए हिरोसे त्यांचं नाव, वय अडुसष्ट, नवरा गेल्यावर दुकान एकटीनं चालवलं. त्यांचे डोळे कधी एकत्र आलेच नाहीत. "मुनाकाता," त्या म्हणतात, "तू आपलं भिंतीकडे तोंड करून काम कर. गिऱ्हाईक पैसे काढेपर्यंत तरी टिकू दे."

जानेवारीच्या सुरुवातीला वाकायामातल्या एका बंद पडलेल्या खेळण्यांच्या दुकानाचं कोठार त्यांनी उचललं. त्यात एका खोक्यात 'युकिनोया' या खेळाच्या एकोणीस कॅसेटी निघाल्या. युकिनोया ही खेळातली सराय, डोंगरात, बर्फानं वेढलेली. स्टिकरवर तिचंच चित्र आहे. वरच्या मजल्याला चार खिडक्या, खाली उघडं दार, दारातून आतल्या जिन्याच्या तीन पायऱ्या दिसतात आणि दारापाशी चपला काढायचा सपाट दगड. पहिल्या छपाईत वरच्या डावीकडच्या खिडकीत एक बाई उभी आहे, मान खाली घातलेली, आणि खाली दगडावर लाल पट्ट्यांच्या लाकडी चपलांचा जोड. बाई पाहून पोरं रडतात अशा तक्रारी गेल्या, म्हणून दुसऱ्या छपाईत ती काढून टाकली. चपलाही नाहीत. ही दुसरी छपाई बाबांच्या हातची. आमच्या घरात या कामाचं फार कौतुक होतं, कारण बाई काढा एवढंच गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. चपलांचं बाबांना स्वतःहून सुचलं. बाईच नाही तर चपला कुणाच्या?

एकोणीसपैकी अठरा कॅसेटी दुसऱ्या छपाईच्या निघाल्या. त्यातल्या एखादीवर खोटं स्टिकर तर नाही ना, हे पाहायला मी दोन दोन करून लावायला घेतल्या. पहिल्याच जोडीला मधल्या चित्रात वरची डावी खिडकी लुकलुकली.

मी डोळे सरळ केले. डाव्या कॅसेटवर खिडकी रिकामी. उजव्या कॅसेटवर खिडकी रिकामी. दोन्हींवर तोच पिवळा रंग, तेच छपाईचे बारीक ठिपके. पुन्हा तिरळे केले. खिडकी लुकलुकत होती, आणि तिच्यात मान खाली घातलेलं कुणीतरी होतं.

मी चष्मा काढून शर्टाला पुसला.

२

मी काही फार शहाणा नाही, पण छापखान्यात आयुष्य काढलेला माणूस लगेच घाबरत नाही. आधी कारण शोधतो. सकाळीच मी पहिल्या छपाईची कॅसेट बराच वेळ पाहिली होती. तेजस्वी रंग बघितला की डोळे मिटल्यावरही तो दिसत राहतो, तसं झालं असणार. मी पहिल्या छपाईची ती एकुलती कॅसेट मालकीणबाईंच्या कपाटात बंद करून टाकली आणि दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या छपाईच्या वेगळ्या दोन कॅसेटी लावल्या. बाई होतीच.

दिवा बदलला. टेबल खिडकीपाशी नेलं. कॅसेटी उलट्या ठेवून पाहिल्या, तर बाईही उलटी झाली. शेवटी दोन्ही स्टिकरं स्कॅन करून एकातून दुसरं वजा केलं. पडद्यावर निव्वळ काळं. दोन्हींत शून्य फरक. म्हणजे जे होतं ते कॅसेटीवर नव्हतं, माझ्यात होतं.

आणि तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण बाबांनाही बाई दिसते.

तीन वर्षांपूर्वी सुरू झालं ते. आम्ही दोघंच राहायचो. आई लवकर गेली, माझं लग्न टिकलं नाही. एके दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "अरे, तिलाही चहा दे." कुणाला? "ती काय, दाराशी. मोजे ओले आहेत बिचारीचे. हीटर जरा तिच्याकडे कर." मी हीटर होता तसाच ठेवला. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. अनोळखी माणसं घरात आल्यासारखी दिसतात, बहुतेक मुकी असतात, त्रास देत नाहीत. वाद घालू नका. मी वाद घालायचो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाशी, रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून, घसा बसेपर्यंत.

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांना सुइतातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. बाई तिथेही गेली. तिथे प्रत्येक खोलीबाहेर सपाता काढायला छोटी फळी असते. बाबा परिचारिकेकडून बायकांच्या सपातांचा एक जोड मागून आणतात आणि तिथे मांडतात. दर रविवारी मी जातो, आणि दर रविवारी तो जोड उचलून खालच्या कपाटात परत ठेवतो. मला वाटायचं, खोट्याला खतपाणी कशाला? बाबा काही बोलत नसत. फक्त दाराकडे बघत.

मला वेड लागेल याची मला तितकी भीती नव्हती. भीती ही, की माझं असं झालं तर रविवारी सुइताला जाणार कोण?

३

ती एका जागी राहिली असती तर मी कदाचित सरावलो असतो.

दुसऱ्या आठवड्यात खिडकी शांत झाली. मला इतकं हायसं वाटलं की मी दुपारच्या जेवणाला कोबीचं धिरडं दोनदा मागवलं. जेवून आलो, नवी जोडी लावली, आणि दारातून दिसणाऱ्या तीन पायऱ्यांपैकी सगळ्यात वरची लुकलुकत होती. तिथे दोन पावलं होती. फक्त पावलं, बाकीची ती चौकटीच्या वर होती. पहिल्या छपाईत पायऱ्यांवर काही नाही. मग हे माझ्या डोळ्यांत राहिलेलं जुनं चित्र कसं?

त्या दिवसापासून मला दुकानातले आवाज ऐकू यायला लागले, म्हणजे ते आधीही होतेच, मी ऐकत नव्हतो. खालच्या दुकानातल्या पंख्याची घरघर. मालकीणबाईंचा तांदळाच्या पापडाचा कुरकुर आवाज. हीटर बंद होताना पत्रा आक्रसतो तो. या सगळ्यांच्या मधे कधीकधी एक आवाज राहून जायचा, ज्याचा धनी सापडत नव्हता. काहीतरी लाकडावरून चाचपत जावं तसा. मी उठून फळ्या पाहायचो. उंदीर नव्हता. असावा, असं मला वाटायला लागलं होतं.

मी रजा काढून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, मग स्मृतीच्या तपासणीला. तरुण डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं. पाच शब्द दिले आणि दहा मिनिटांनी परत मागितले. मी सगळे दिले.

"घरात कुणाला...?" त्यांनी विचारलं.

"वडिलांना."

"तुम्हाला कुणी दिसतं का? खोलीत वगैरे?"

"खोलीत नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण कॅसेटीचं त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या लिहून घेणार, आणि एकदा लिहिलं की ते माझं होणार.

"सगळं उत्तम आहे. वाटलं तर सहा महिन्यांनी या."

बाबांनाही पहिल्या वेळी हेच सांगितलं होतं. मी आगगाडीत बसून बोटांवर मोजलं, की सहा महिन्यांत मला बाबांसाठी काय काय लावून द्यावं लागेल. फेब्रुवारी लागला तेव्हा चित्रातली बाई खालच्या पायरीवर होती आणि कमरेपर्यंत दिसत होती.

कामात चुका व्हायला लागल्या. एका नागोयाच्या गिऱ्हाइकाला मी खोटं स्टिकर अस्सल म्हणून दिलं. तो भला माणूस, परत घेऊन आला. तो गेल्यावर मालकीणबाईंनी दाराची पाटी उलटी केली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"बोल. बाटली की बाई?"

मी म्हणालो, "बाई."

"या वयात?" त्या खूश झाल्या. "कुठली आहे?"

४

मी त्यांना सगळं सांगितलं नाही. इथे मी हुशारी केली, आयुष्यात एकदाच. बाई कुठे दिसते, कशी दिसते, बाबांचं काय, यातलं अक्षर काढलं नाही. एवढंच म्हणालो, की दोन सारख्या चित्रांत मला काहीतरी लुकलुकताना दिसतं, आणि मला जाणून घ्यायचंय की ते दुसऱ्या कुणाला दिसतं का. दिसलं नाही तर मी महिनाअखेर काम सोडतो.

"म्हणजे मी चकणी व्हायला शिकायचं? अडुसष्टाव्या वर्षी?"

"हो."

"माझी सून म्हणते मी आधीच वाकडी आहे," असं म्हणून त्यांनी टोपलीतली दोन संत्री घेतली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी त्या संत्र्यांना शिव्या देत होत्या. नाकासमोर काडी धरून ती जवळ आणायची युक्ती मी सांगितली, तर काडी डोळ्यात गेली. गिऱ्हाइकं यायची आणि पाहायची, की मालकीणही आता नोकरासारखी बघायला लागली आहे, आणि मुकाट्यानं परत जायची. नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्या ओरडल्या, "तीन! तीन संत्री आहेत! मधलं सगळ्यात गोड दिसतंय!"

मी अठरातल्या न पाहता दोन कॅसेटी उचलल्या, त्यांच्यापुढे ठेवल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. बाहेर कोरडं ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं.

"आलं... निसटलं. थांब. आलं." मग बराच वेळ पापडाचा आवाजही नाही. "मुनाकाता, हे स्टिकर कुठल्या छपाईचं म्हणालास?"

"दुसऱ्या."

"दुसऱ्यात बाई नसते ना?"

मी समोरच्या गच्चीवरच्या चादरीवर नजर ठेवली. 

"दारात बसलीये ही," मालकीणबाई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "दगडापाशी, उकिडवी. दगडावर हात फिरवतेय. चष्मा हरवला की आपण उशाशी चाचपतो ना, तशी. अगं बाई, मोजे बघ. पांढरे आहेत. घोट्यापर्यंत ओले झालेत."

ओले मोजे. हे मी या दुकानात कधी उच्चारलं नव्हतं. मला स्वतःलाही ते दिसले नव्हते. माझ्या चित्रात ती अजून पायरीवरच होती.

माझा जीव भांड्यात पडला. मी खिडकीच्या कडेला धरून खाली बसलो आणि हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. मला काही झालं नव्हतं. मी ठणठणीत होतो. सहा महिन्यांनी आणि सहा वर्षांनीही मी रविवारी सुइताला जाणार होतो.

"हसतोस काय, मेल्या!" मालकीणबाई दोन्ही हातांनी टेबल धरून बसल्या होत्या. डोळे घट्ट मिटलेले. "इथे माझी बोबडी वळलीय आणि हा हसतोय! ती मान वर करत होती, कळतंय का तुला? मी डोळे मिटले म्हणून बरं!"

त्यांना पाणी दिलं. पेला त्यांच्या दाताला वाजत होता. आणि तो आवाज ऐकता ऐकता माझं हसू आपोआप विरलं, कारण मला ठणठणीत ठरवणारी साक्ष एकट्या मालकीणबाईंची नव्हती. मोज्यांचं आधी बाबांनी सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी. मी हीटरही वळवला नव्हता.

५

बुधवार होता, तरी मी तसाच सुइताला गेलो. बुधवारी मी कधी जात नाही, म्हणून ओकुदा नावाची तिथली परिचारिका मला पाहून दचकली. "बरं झालं आलात. हल्ली जेवत नाहीत ते नीट. सारखं दाराकडे लक्ष."

खोलीबाहेर फळीवर बायकांच्या सपातांचा जोड होता. मी सवयीनं वाकलो, हात लावला, आणि तसाच सरळ झालो.

बाबा खुर्चीत होते, गुडघ्यांवर शाल. मी समोर बसलो. तीन वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आज ती कुठे बसलीये, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी टिंगल करतोय का, हे ते पाहत होते. मला त्याची लाज वाटली.

"नाही आली," ते म्हणाले. "नवीन वर्ष लागल्यापासून नाही. मला वाटलं, तू हाकललीस."

"आमच्या दुकानात आहे."

"बरं आहे का तिथे? थंडी?"

"हीटर आहे." मी थोडा पुढे सरकलो. "बाबा, मी फार घाबरलो होतो."

"तिला?"

"तिला नाही. मला वाटलं, मला तुमच्यासारखं झालं. मग मालकीणबाईंनाही ती दिसली."

बाबा हसले. पुष्कळ दिवसांनी त्यांचे वरचे दोन दात दिसले. "मलाही तेच वाटलं होतं, की मला काहीतरी झालं. पण तुला पडताळून बघायला कुणीतरी मिळालं. मी तुलाच विचारत होतो रे."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांत बोटं फिरवली. ब्रश धरून वाकडी झालेली ती बोटं मला लहानपणापासून ठाऊक आहेत. खोलीत बाकी कसलाच आवाज नव्हता. बाहेरून चाकाची गाडी ढकलत कुणी गेलं.

"बाई काढा म्हणाले होते," बाबा बऱ्याच वेळानं म्हणाले. "चपला काढा असं कुणी म्हटलं नव्हतं. शहाणपणा माझाच. तिला जायचं असतं रे. दारापर्यंत येते, हात फिरवते, आणि पुन्हा वर जाते. बाहेर केवढं बर्फ."

"मी दर रविवारी सपाता उचलून ठेवायचो."

"हो ना." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "त्या तशाही तिच्या नव्हेत. पण निदान पायात काहीतरी. तू असं कर, लाल पट्ट्यांच्याच आण. लाकडी. आणि ठेवशील त्या टोकं बाहेर करून ठेव. पाहुणा निघतो तेव्हा ठेवतात तशा. आत तोंड करून ठेवल्यास तर ती आत येईल."

हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. तरी ते त्यांनी दोनदा सांगितलं.

६

बाजारातल्या छपराखालच्या गल्लीत चपलांचं एक जुनं दुकान अजून तग धरून आहे. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारानं माप विचारलं. मी म्हणालो, "बाईमाणूस, मध्यम." तो म्हणाला, "बायकोला माप न विचारता नेणारे सगळे परत येतात." मी म्हणालो, परत आलो नाही तर बरंच.

मालकीणबाईंनी जोड पाहिला आणि कपाळाला हात लावला. "तू आता माझ्या दुकानात पाहुणचार मांडणार?"

"पाहुणचार नाही. पाठवणी."

 त्यांनी माझ्या हातातून चपला काढून घेतल्या, स्वतःच काचेच्या दाराच्या आत मांडल्या, टोकं जिन्याकडे करून, आणि एक किंचित तिरकी झालेली बोटानं सरळ केली. दार उघडं ठेवलं. थंडी आत येत होती.

दुपारचे तीन वाजले असतील. मी टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसलो, पण कॅसेटी लावल्या नाहीत. मालकीणबाई माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या, त्याही भिंतीकडे तोंड करून. दोन शिक्षा झालेली पोरं वर्गात बसावीत तसे आम्ही बसलो होतो. खालचा पंखा घरघरत होता. हीटरचा पत्रा एकदा वाजला. मग तो चाचपण्याचा आवाज आला, आमच्या मागे, फळ्यांपाशी. मालकीणबाईंनी माझी बाही धरली. आवाज फळ्यांकडून आमच्या पाठीमागे आला आणि थांबला, इतक्या जवळ की मानेला गारवा लागला. ओल्या कापडाचा वास आला. मला वळून बघता आलं असतं. त्या क्षणी जगात एवढी एकच गोष्ट मला करायची नव्हती.

गारवा सरला. दाराशी लाकडावर लाकूड टेकलं.

खट.

मग लोखंडी जिन्यावर. खट, खट, सावकाश, ज्याला सवय मोडली आहे अशा माणसाच्या चालीनं. मी मोजत होतो. शेजारी मालकीणबाईंचे ओठही हलत होते. सतरा. त्यानंतर गल्लीतल्या फरशीवर दोन-तीन, आणि मग सायकलींच्या घंटांत काही ऐकू आलं नाही.

"गेली," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी जो श्वास सोडला तो बहुतेक त्यांनी सकाळपासून धरला होता.

मी अठराच्या अठरा कॅसेटी जोड्या जोड्यांनी लावून पाहिल्या. मधलं चित्र शांत. खिडकी, पायऱ्या, दगड, कुठे काही लुकलुकत नव्हतं. रिकाम्या सराईसारखी रिकामी सराय. मला इतकं हलकं वाटलं की मी मालकीणबाईंच्या टोपलीतलं एक संत्रं न विचारता सोललं.

फोन वाजला. ओकुदाबाई होती. माझ्या हातातली फोड तशीच राहिली.

"काळजीचं काही नाही," ती घाईनं म्हणाली. "उलट. तुमचे वडील आत्ता स्वतः चालत खाली आले. त्या सपाता घेऊन. स्वतःच्या हातानं कपाटात ठेवल्या, म्हणाले, आता लागणार नाहीत. आणि ताटातलं सगळं संपवलं. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

मी तिचे इतक्या वेळा आभार मानले की ती बिचारी लाजली.

फोन ठेवून वळलो तर मालकीणबाई हातात फडकं घेऊन उभ्या होत्या आणि जमिनीकडे बघत होत्या. फळ्यांपासून आमच्या स्टुलांपर्यंत आणि तिथून दारापर्यंत पावलांचे ओले ठसे होते, छोटे, बोटं न उमटलेले. आमच्या पाठीमागे ते शेजारी शेजारी, जास्त ओले होते. तिथे ती बराच वेळ उभी राहिली असावी. दाराशी, जिथे चपला होत्या, तिथे ते संपत होते. चपला नव्हत्या.

"पुसून घेते," मालकीणबाई म्हणाल्या आणि वाकल्या.

"नको," मी म्हणालो. "नका पुसू. वाळेल आपोआप."

त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मी हीटर उचलला आणि त्याचं तोंड त्या ठशांकडे केलं.